दिवस जाण्याआधीची लस



१९४१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकामागून एक येऊ लागली. बऱ्याच बाळांचे हृदयही सदोष होते. ग्रेग यांनी आयांना गरोदरपणाबद्दल खोदून विचारले, आपल्या सहकाऱ्यांकडूनही माहिती मागवली. अशा ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या महिन्यांत. तोवर रुबेला म्हणजे किरकोळ दुखणे, असाच समज होता. त्यामुळे ग्रेग यांच्या म्हणण्यावर सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसला नाही.

त्यात नवल नव्हते. रुबेलाने आई फारशी आजारी पडतच नाही. थोडा ताप, अंगावर बारीक पुरळ, कानामागे गाठी; तीन दिवसांत सगळे ओसरते. कित्येकींना तर काहीच जाणवत नाही. पण विषाणू रक्तातून वारेत आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय, मेंदू घडत असतात. त्या काळात आईला लागण झाली, तर दहापैकी नऊ बाळांपर्यंत इजा पोहोचू शकते. वीस आठवड्यांनंतर धोका फारच कमी होतो. पंचाईत अशी, की सर्वांत धोक्याचे हे दिवस सुरू होतात, तेव्हा पाळी चुकल्याचेही अनेकींच्या ध्यानात आलेले नसते.

अमेरिकेत १९६४-६५ च्या रुबेलाच्या साथीत सुमारे वीस हजार बाळे अशी जन्मजात इजा घेऊन जन्मली. अनेकांना ऐकू येत नव्हते. १९६९ मध्ये तिथे लसीला परवानगी मिळाली. या लसीत कमजोर केलेला, पण जिवंत विषाणू असतो. म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर तरी दिवस जाऊ देऊ नयेत असे सांगतात. गरोदरपणी धनुर्वाताचे इंजेक्शन देतात, फ्लूची निष्क्रिय लसही देता येते. रुबेलाची लस मात्र आधीच टोचून घ्यावी लागते.

मग गरोदर बाईला सांभाळायचे कोणी? तिच्या आसपासच्या मुलांनी. लस मुलींबरोबर मुलग्यांनाही का देतात, याचे उत्तर इथे आहे. शाळेतून विषाणू घरी आणणारा धाकटा दीर किंवा शेजारचा मुलगाही असू शकतो. घरात गरोदर बाई असली तरी लहान मुलांना ही लस बिनधास्त द्यावी. त्यांच्या लसीमुळे तिला धोका नाही.

आपल्याकडे बाळाला नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळतो आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींना ही लस दिली गेली. पण ज्या मुलींनी तेव्हा पंधरा वर्षे पूर्ण केली होती, त्या मोहिमेच्या बाहेर राहिल्या. आज त्यांपैकी अनेकजणी विशीत किंवा तिशीत आहेत. लग्न आणि बाळंतपणाचे वय हेच. यांपैकी अनेकींना लहानपणी ही लस मिळालेलीच नसेल.

म्हणून मुलीचे लग्न ठरवताना किंवा मूल होऊ देण्याचा विचार करताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: रुबेलाची लस झाली आहे का? आठवत नसेल, कागदही सापडत नसेल, तर पुन्हा घ्यायला हरकत नाही. आधी घेतलेली असली तरी अपाय होत नाही.

आता ज्या भगिनी गरोदर आहेत त्यांच्यासाठी. घरात, शेजारी कुणाच्या अंगावर पुरळ उठले आणि तुमचा संपर्क आला, तर ‘अंगावर आलंय, जाईल आपोआप’ म्हणून थांबू नका. लगेच डॉक्टरांना कळवा. रक्ततपासणीतून बरेच कळते. दवाखान्यात शिरण्याआधीच तसे सांगा, म्हणजे इतर गरोदर बायकांपासून तुम्हाला वेगळे बसवतील. आणि दिवस गेल्याचे माहीत नसताना चुकून ही लस घेतली गेली असेल, तर घाबरू नका. तेवढ्या कारणाने गर्भपात करू नये, हाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. लस राहिलीच असेल, तर बाळंतपणानंतर घ्या. अंगावर पाजतानाही ती चालते.

ग्रेग यांना विचारपूस करावी लागली ती बाळे जन्मल्यानंतर. आपल्याला तीच विचारपूस आधी करता येते. तुमच्या घरात पुढचे लग्न कुणाचे आहे, ते आठवा आणि तिला आजच विचारा.