दया नव्हे, न्याय : गव्हर्नर आल्टगेल्ड

सत्ताधीशानें दया दाखविली तर लोक त्याला दुवा देतात. परंतु झालेला अन्याय त्यानें अन्याय म्हणून बोलून दाखविला, तर तेच लोक खवळून उठतात. जॉन पीटर आल्टगेल्ड यांना हा अनुभव पुरेपूर आला. १८९३ पासून चार वर्षें ते अमेरिकेंतील इलिनॉय राज्याचे गव्हर्नर होते. भारतांतील राज्यपाल नेमलेला असतो. अमेरिकेंतील गव्हर्नर मतांनीं निवडून येतो आणि राज्याचा कारभार स्वतः चालवितो. त्यामुळें लोकक्षोभाची किंमत त्याला रोख मोजावी लागते.

आल्टगेल्ड यांचा जन्म १८४७ सालीं जर्मनींत झाला. तान्हेपणींच ते आईबापांबरोबर ओहायोंत आले. शेतावर राबत ते वाढले, यादवी युद्धांत कोंवळ्या वयांतच उत्तरेच्या सैन्यांत दाखल झाले, आणि पुढें शिकागोंत वकिली व इमारतींचा व्यवहार करून त्यांनीं मोठी संपत्ति मिळविली. तरी गरिबी ते विसरले नाहींत. दंडव्यवस्थेच्या चरकांत गरीबच अधिक पिळला जातो, हें त्यांनीं १८८४ सालीं पुस्तक लिहून दाखविलें. कांहीं वर्षें न्यायाधीशाचें काम केल्यावर १८९२ सालीं ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फें गव्हर्नर निवडून आले.

त्या वेळीं तीन कैद्यांचा प्रश्न गाजत होता. ४ मे १८८६ रोजीं शिकागोच्या हेमार्केट चौकांत कामगारांची सभा उठविण्यास पोलीस गेले असतां कोणीतरी बाँब फेंकला. सात पोलीस प्राणास मुकले. गोळीबारांत नागरिकही मेले. बाँब फेंकणारा कोण हें कधींच सिद्ध झालें नाहीं. तरी आठ अराज्यवादी दोषी ठरले. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजीं फांशी दिलें; एकानें आदल्या दिवशींच तुरुंगांत जीव दिला. उरलेल्या तिघांना सोडावें, अशी विनंती शिकागोच्या अनेक प्रतिष्ठित नागरिकांनींही केली होती. परंतु त्यांची मागणी दयेची होती.

आल्टगेल्ड यांनीं दयेचा आधार नाकारला. चौकशी न्यायानें झाली असेल, तर ढवळाढवळीचें कारण नाहीं. तशी झाली नसेल, तर कैद्यांना सोडलेंच पाहिजे, हा त्यांचा विचार. २६ जून १८९३ रोजीं तिघांना मुक्त करतांना त्यांनीं सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलें. ज्यूरी हेतुपुरस्सर निवडलेली होती, बाँब फेंकणाऱ्याशीं आरोपींचा संबंध शाबीत झाला नव्हता, आणि न्यायाधीशांचें मन निष्पक्ष नव्हतें, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. कैद्यांची सुटका लोकांना कदाचित् पचली असती. न्यायासनावरचा ठपका पचला नाहीं. वृत्तपत्रांनीं गव्हर्नरांनाच अराज्यवादी ठरविलें.

तरी त्यांचें कार्य थांबलें नाहीं. त्याच वर्षींच्या कायद्यानें चवदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामास ठेवण्याची बंदी झाली आणि स्त्रियांच्या कामाला आठ तासांची मर्यादा पडली. मुख्य निरीक्षक म्हणून त्यांनीं फ्लॉरेन्स केली या कर्तबगार बाईंना नेमलें. आठ तासांचें कलम मात्र १८९५ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द केलें.

१८९४ सालीं पुलमन कारखान्यांत मजुरी घटली, पण मालकाच्या चाळींचें भाडें घटलें नाहीं. संप झाला आणि तो रेल्वेंत पसरला. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड आल्टगेल्ड यांच्याच पक्षाचे. तरीही राज्यानें मागणी केली नसतां त्यांनीं शिकागोंत केंद्राचें सैन्य धाडलें. शांतता राखण्यास राज्याचें दल समर्थ आहे, असें कळवून आल्टगेल्ड यांनीं निषेध नोंदविला. दंगा चालूं द्यावा असें त्यांचें म्हणणें नव्हतें. राज्याचा अधिकार केंद्रानें डावलूं नये, एवढेंच होतें. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें पुढें केंद्राच्याच बाजूनें कौल दिला.

१८९६ सालीं मतदारांनीं त्यांना घरीं बसविलें. संपत्तीही ओसरली. ११ मार्च १९०२ रोजीं जोलिएट येथें बोअर लोकांच्या बाजूनें भाषण केल्यावर ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशीं निधन पावले.

दयेची चार वाक्यें लिहून तिघांना सोडलें असतें, तर त्यांना कदाचित् एवढा रोष पत्करावा लागला नसता. पण दयेमुळें तिघे केवळ सुटले असते. त्यांचा कलंक पुसला गेला नसता. दया देणाऱ्याला मोठेपणा मिळतो. न्याय देणाऱ्याला पुष्कळदां पदच गमवावें लागतें.