पोरक्या मुलाची विचारपूस



आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचं बालपण आठवा. आई वारली आणि वडिलांनी पोरीला पंढरपुरात दामाशेटींच्या घरी नेऊन ठेवलं, असं परंपरा सांगते. म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली सगळ्यांत थोर लेक परक्या घरी, दळणकांडण आणि शेणपाणी करत वाढली. ते घर नामदेवांचं होतं, म्हणून तिला विठ्ठल भेटला. पण घर तसं नसतं तर? पोरीला पोटभर मिळतं का, तिच्यावर कुणी हात तर उगारत नाही ना, हे उंबऱ्यात येऊन विचारणारा राजाचा कुणी माणूस त्या काळी नव्हता. तो माणूस पुढे कधी आला, आणि आला तर कुणाच्या दारी आला, हे मला आज सांगायचं आहे.

राजसत्तेला मुलांची फिकीरच नव्हती, असं मी म्हणणार नाही. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या लेकरांसाठी बालपरवेशी दिली जाई. वतनदाराला मुलगा दत्तक घ्यायचा तर सरकारची मंजुरी लागे, नजराणा भरावा लागे. परभणी सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तिथे जहागीरदार वारला आणि वारस अजाण असला, तर जहागीर ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’च्या देखरेखीखाली जाई आणि वारस जाणता होईपर्यंत तिचा कारभार सरकार पाही. बालपरवेशी सोडली, तर या सगळ्या व्यवस्थेची नजर वतनावर आणि महसुलावर होती. ज्या पोरामागे जमीन नाही, त्याच्या दारी कारकूनसुद्धा फिरकत नसे. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

1899-1900च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. 1901च्या शिरगणतीत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. अशा वर्षांत जी मुलं मागे उरतात, त्यांना उचलतं कोण? काका-मामा उचलतात, मठ उचलतात, मिशनरी उचलतात. पंडिता रमाबाईंनी त्या काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली आणून सांभाळल्या. त्याआधी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, आणि तिथेच जन्मलेला एका विधवेचा मुलगा, यशवंत, स्वतःचा म्हणून वाढवला. 1875 साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात बालकाश्रम सुरू केला. तोच पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जाऊ लागला. लोकलाजेपायी टाकलेली अर्भकं तिथे वाढली. जनाबाई जिथे परक्या घरी राहिली, त्याच गावात ही संस्था उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे लालशंकर उमियाशंकर हे पंढरपुरातले न्यायाधीश. सरकारी खुर्चीतला माणूस, पण हे काम त्याने समाजाच्या बळावर केलं, सरकारच्या नव्हे.

ब्रिटिश मुलुखात 1850 सालीच उमेदवारीचा कायदा आला होता. दहा वर्षांवरच्या अनाथ मुलाला मॅजिस्ट्रेटने एखाद्या कारागिराच्या हाताखाली करारावर द्यायचं, ही त्यातली सोय. मुलाने पोट भरायला शिकावं एवढाच त्या काळचा कल्याणाचा विचार होता. खरा बदल 1924च्या मुंबईच्या मुलांच्या कायद्याने झाला. मद्रासने असा कायदा 1920 साली केला होता, बंगालने 1922 साली. पोरक्या किंवा छळ होणाऱ्या मुलाला संस्थेत धाडण्याऐवजी नातेवाइकाकडे किंवा दुसऱ्या लायक व्यक्तीकडे सोपवण्याची वाट न्यायालयाला मिळाली. परक्या घरी वाढणाऱ्या मुलाशी सरकारचं नातं जुळलं ते इथे. परभणी मात्र त्या कायद्याच्या हद्दीबाहेर होती. हैदराबाद राज्यात मुलांचा कायदा झाला तो 1951 साली, म्हणजे निजामी संपल्यावर.

पुढच्या पायऱ्या तुम्हाला ठाऊक आहेत. 1986चा बाल न्याय कायदा आला, 2000च्या कायद्याने बालकल्याण समिती आणली. 2015च्या कायद्याचं कलम 44 मात्र आवर्जून सांगतो. मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलं, तर समितीने दर महिन्याला त्या घरी तपासणी करायची, आणि हयगय दिसली तर मुलाला तिथून हलवायचं, असं त्यात लिहिलं आहे. जनाबाईच्या वेळी जो माणूस नव्हता, तो कायद्याच्या पुस्तकात तरी आला.

अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचं दरमहाचं अनुदान 425 रुपयांवरून 1,100 आणि पुढे 2,250 रुपये झालं. ही वाढ हवीच होती. पण पैसे खात्यावर जमा होतात, मुलाचा चेहरा खात्यावर दिसत नाही. दारात जाऊन मुलाशी एकांतात बोलणारा माणूस अनुदानाइतकाच गरजेचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्या मुलांची नोंदच कुठे नाही त्यांचं काय? दिवाळीच्या सुमाराला आपल्या भागातून ऊसतोडीला गाड्या निघतात. काही लेकरं आई-बापाबरोबर फडात जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे. शहरात एखाद्या घरी वरकामाला पोर ठेवलेली असते आणि घरचे म्हणतात, ‘आमच्या लेकीसारखीच आहे ती.’ लेकीसारखी असेल तर ती शाळेत का जात नाही, हे शेजाऱ्याने विचारायला नको का?

माझी तुम्हाला विनंती आहे. असं मूल दिसलं तर 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि सरपंच ज्या ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष असतात, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन या आठवड्यातच विचारा.