७० जागांची मराठी कॉपी

मी कोड लिहिणारा माणूस, पण आज बोलायचंय कॉपीरायटिंगवर.

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मराठीत, युनिकोडमुळे, फक्त ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. एकटा 'क्ष' तीन जागा खातो. ७० ओलांडले की दोन मेसेजचे पैसे! त्यामुळे इंग्रजीचं शब्दशः भाषांतर महागात पडतं.

आता हे बघा: 'उद्या हप्ता कापला जाईल, खात्यात पैसे ठेवा.' फक्त ४२ जागा, आणि आजीलाही कळतं. मेसेज कळला नाही, खातं रिकामं राहिलं, तर हप्ता बाउन्स होतो आणि दंड तिलाच बसतो.

कॉपीरायटर व्हायचंय? मग मराठीतच विचार करून लिहा, आणि रेट भाषांतराचा नाही, कॉपीचा मागा. भेटू पुढच्या भागात!