‘मुलगा दिला’ म्हणजे कुणी दिला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘स्त्रिया, युद्ध आणि शांतता’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

स्त्रिया आणि शांतता हा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं. बाई जन्म देते, म्हणून तिला युद्ध नको असतं. घोषणांमध्ये, पथनाट्यांमध्ये, पत्रकांमध्ये हे वाक्य आपणही वापरलेलं आहे. मला आज या वाक्याबद्दलच बोलायचं आहे, आणि ते मी एका शिल्पाच्या आधारानं बोलणार आहे. फोटो फिरवायला दिला आहे, तो बघत बघत ऐका.

बेल्जियममध्ये व्लाड्स्लो गावाजवळ पहिल्या महायुद्धात मेलेल्या जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे २५ हजारांहून जास्त माणसं पुरलेली आहेत. जमिनीलगत सपाट दगड आहेत, आणि एकेका दगडावर वीस-वीस नावं. एका टोकाला ही ग्रॅनाइटची दोन माणसं गुडघे टेकून आहेत. बाप ताठ आहे, त्यानं दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलंय. आई शालीत गुरफटलेली, पुढे वाकलेली. दोघांचे चौथरे वेगळे, मध्ये अंतर, एकमेकांना स्पर्श नाही. कुठे घोडा नाही, बंदूक नाही, झेंडा नाही. ‘शोक करणारे आईवडील’ असं या शिल्पाला म्हणतात. ते केलं केटे कोल्वित्झ या जर्मन चित्रकर्तीनं. तिचा धाकटा मुलगा पेटर १९१४ साली युद्धात मेला, तो याच मातीत आहे.

या शिल्पाच्या जन्माची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती अशी: मुलगा गेला, आईचं काळीज फाटलं, आणि त्या दुःखाचा दगड झाला. गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी केटेच्या रोजनिशीत आहे, तिनं स्वतः लिहून ठेवलेली.

केटे कुणी अजाण गृहिणी नव्हती. १८६७ सालचा तिचा जन्म. आजोबा बंडखोर विचारांचे धर्मोपदेशक, माहेर समाजवादी. नवरा कार्ल डॉक्टर. बर्लिनच्या कामगार वस्तीत त्याचा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर घर. दवाखान्यात येणाऱ्या बाया, त्यांची बाळंतपणं, नवऱ्याची बेकारी, मार, हे सगळं तिनं जवळून पाहिलेलं. विणकरांच्या उठावावर तिनं चित्रमालिका केली. १८९८ च्या प्रदर्शनात तिला पदक द्यावं अशी शिफारस झाली, ती कैसरनं नाकारली. पुढे शेतकऱ्यांच्या बंडावर मालिका केली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच, चळवळीच्या बाजूची बाई.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. पेटर अठरा वर्षांचा होता आणि त्याला स्वयंसेवक म्हणून जायचं होतं. कायद्यानं तो अज्ञान, म्हणून बापाची परवानगी लागत होती. कार्लनं साफ नाही म्हटलं. पेटरनं मग आईकडे पाहिलं, डोळ्यांनीच विनवलं. आई उठली आणि तिनं कार्लला गळ घातली. तिच्या शब्दाखातर कार्लनं होकार दिला. ऑक्टोबरमध्ये पेटर आघाडीवर गेला. २२ ऑक्टोबरच्या रात्री डिक्समाउदे गावाजवळ तो मारला गेला. ३० तारखेला घरी बातमी आली.

आता फोटोकडे पुन्हा बघा. नाही म्हणणारा बाप ताठ आहे आणि हो म्हणायला लावणारी आई वाकली आहे. बाप कणखर असतो आणि आई हळवी, म्हणून हे असं आहे, असं कुणी सांगेल. मला ते पटत नाही. त्या वाकण्यात शोकाबरोबर जबाबदारीचं ओझंही आहे, असं मला वाटतं.

तिनं हो का म्हटलं असेल? हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीच्या समाजवादी पक्षानं संसदेत युद्धखर्चाच्या बाजूनं मत दिलं होतं. जर्मन स्त्री-संघटनांच्या महासंघानं युद्धकाळात राष्ट्रीय सेवेसाठी यंत्रणा उभी केली होती. पुढच्या वर्षी, एप्रिल १९१५ मध्ये, युद्ध थांबावं म्हणून हेग शहरात देशोदेशींच्या हजाराहून जास्त स्त्रिया जमल्या. अनिता आउग्सपुर्ग आणि लिडा गुस्टावा हायमान यांच्यासारख्या जर्मन स्त्रियाही तिथे गेल्या. पण त्यांच्याच देशातल्या महासंघानं त्या परिषदेला विरोध केला. म्हणजे स्त्रीचळवळ तेव्हाही दोन्ही बाजूंना होती. आणि केटे? त्याच ऑगस्टमध्ये तिनं रोजनिशीत शंका लिहिली आहे, की ज्या बायकांनी मुलांना जिवापाड जपलं त्यांच्यात त्यांना तोफेसमोर पाठवण्याचं हे बळ कुठून येतं. शंका होती आणि तरीही तिनं संमती दिली. दोन्ही गोष्टी एकाच बाईत, एकाच महिन्यात.

स्मारकाची पहिली कल्पना डिसेंबर १९१४ ची आहे. ती आज उभ्या असलेल्या शिल्पाहून अगदी वेगळी होती. त्यात मध्यभागी पेटर आडवा, उशाशी बाप, पायथ्याशी आई. बर्लिनजवळ हाफेल नदीवरच्या शिल्डहॉर्नच्या उंचवट्यावर ते उभं करायचं. आणि ते कशाचं स्मारक? तरुण स्वयंसेवकांच्या बलिदानाचं. ‘बलिदान’ हा शब्द तिच्या मनात तेव्हा पक्का होता. नसता तर ती जगली कशी असती?

मग वर्षं गेली. १९१६ च्या रोजनिशीत ती स्वतःला विचारते, की सगळ्याच देशांतल्या पोरांना फसवलं गेलं का? आणि लगेच दुसरा प्रश्न: असं म्हटलं तर मी पेटरशी बेइमानी करते का? तो तर विश्वासानं गेला होता. मैत्रिणींनो, ज्या आईचा मुलगा गेला आहे तिला आपण जेव्हा ‘हे युद्धच चुकीचं होतं’ असं सांगायला जातो तेव्हा ती का चिडते, याचं उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे. युद्ध व्यर्थ म्हटलं की मुलाचं मरण व्यर्थ ठरतं. ते कबूल करायला केटेसारख्या विचार करणाऱ्या बाईलाही वर्षं लागली.

ऑक्टोबर १९१८ मध्ये, हरलेल्या जर्मनीला वाचवायला आणखी स्वयंसेवकांनी पुढे यावं असं आवाहन रिचर्ड डेमेल या कवीनं केलं. केटेनं वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून उत्तर दिलं: पुरे झालं, आता एकही पोर मरायला नको. शेतकरी बियाणं वेगळं राखतो, ही जुनी समज तिनं गटेच्या आधारानं आठवून दिली. १९१९ मध्ये तिनं स्मारकाचं पहिलं काम मोडलं. त्यानंतर ‘युद्ध’ नावाची सात लाकूडठशांची मालिका केली. तिच्यातल्या पहिल्या चित्राचं नावच ‘बलिदान’ आहे. त्यात एक उघडी आई आपलं तान्हं बाळ दोन्ही हातांवर पुढे धरते आहे, डोळे मिटून. पूर्वी जो शब्द तिला आधार वाटत होता, त्याच्याकडे ती आता आरोपीसारखी बघते आहे. पुढच्या चित्रांत विधवा आहेत, आणि एकमेकींना धरून मुलांभोवती कडं करणाऱ्या आया आहेत. १९२४ मध्ये तिनं ‘पुन्हा युद्ध नको’ हे पोस्टर केलं. गर्भपातबंदीच्या कायद्याविरुद्धचं तिचं पोस्टरही त्याच सुमाराचं आहे. बाईच्या पोटावरचा आणि बाईच्या मुलावरचा सरकारचा हक्क तिनं एकाच काळात नाकारला, हे आपण विसरू नये.

१९२० च्या दशकाच्या मध्यावर तिनं स्मारक पुन्हा हाती घेतलं. १९२६ मध्ये ती आणि कार्ल रोग्गेवेल्डच्या दफनभूमीत जाऊन पेटरची कबर पाहून आले. आता आराखड्यातून मुलगा गेला होता. बलिदानाची गोष्ट सांगायची तर मरणारा वीर मध्यभागी लागतो. तिनं तोच काढला आणि मागे राहिलेले, होकार दिलेले दोघं तेवढे ठेवले. चेहरे तिचे आणि कार्लचे. जुलै १९३२ मध्ये शिल्प बसवलं गेलं. पेटरच्या मरणाला अठरा वर्षं होत आली होती, म्हणजे तो जगला तेवढीच.

त्याच जुलैत, तिथून फार लांब नसलेल्या लांगेमार्कमध्ये आणखी एका जर्मन दफनभूमीचं उद्घाटन झालं. लांगेमार्कची कथा जर्मनीत पाठ्यपुस्तकासारखी घोकली जात होती: विद्यार्थी स्वयंसेवक राष्ट्रगीत गात मृत्यूवर चालून गेले. मूळ आधार नोव्हेंबर १९१४ चं एक लष्करी पत्रक. इतिहासकारांनी ती कथा पुढे खोडून काढली, पण तोवर नाझींनी तिच्यावर एक पिढी पोसली होती. पेटर याच शरद ऋतूत, अशाच पोरांच्या पलटणीतून गेला होता. एका महिन्यात दोन स्मारकं झाली. एक म्हणतं, पोरं गात गेली. दुसऱ्यात गाणं नाही. सहा महिन्यांत हिटलर सत्तेवर आला आणि केटेला कला अकादमी सोडावी लागली. १९१९ मध्ये तिथे निवडून आलेली ती पहिली स्त्री होती. १९४२ मध्ये तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मेला. त्याचंही नाव पेटर.

कलावंत मेल्यावर गोष्टी बदलत जातात. १९५० च्या दशकात रोग्गेवेल्डच्या कबरी व्लाड्स्लोला हलवल्या, त्यांच्याबरोबर शिल्पही गेलं. पेटरचं नाव असलेला दगड आता बापाच्या पुतळ्यासमोर आहे, आणि ‘बघा, बाप मुलाकडे बघतोय’ असं सांगितलं जातं. ही मांडणी नंतरची. केटेनं ते दोघं सगळ्या मैदानासाठी बसवले होते.

मोठा बदल १९९३ सालचा आहे. एकत्र झालेल्या जर्मनीला राष्ट्रीय स्मारक हवं होतं. चान्सलर हेल्मुट कोल यांनी केटेचं दुसरं एक छोटं शिल्प निवडलं. मेलेल्या मुलाला कुशीत घेतलेली आई, जेमतेम दीड वीत उंचीची. ती चौपट मोठी करून बर्लिनच्या नॉये वाखे इमारतीत ठेवली. खाली शब्द: युद्ध आणि जुलमी सत्तेच्या बळींना. लगेच प्रश्न उठले. छळछावणीत मारलेले ज्यू आणि त्यांना मारणारे सैनिक एकाच ओळीत कसे? ख्रिस्ती मूर्तीसारखी दिसणारी आई ज्यूंच्या वतीनं कशी रडणार? आणि ज्या बायका स्वतःच मारल्या गेल्या त्या कुठे? शेवटी दाराशी बळींच्या गटांची नावं सांगणारी पाटी लावावी लागली. रडणारी आई सरकारला सोयीची असते. ती कुणाला दोष देत नाही, हिशोब मागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. पेटर मेला त्याच दिवसांत इप्रच्या आघाडीवर समोरच्या बाजूनं हिंदुस्थानी पलटणी लढत होत्या. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या काही गावांत आजही पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. ‘दिले’ हा शब्द तिथेही आहेच. १९९९ मध्ये कारगिलहून शवपेट्या गावोगाव येत होत्या, तेव्हा वीरमातेच्या तोंडून ‘अजून एक असता तर तोही दिला असता’ हे ऐकायला कॅमेरे टपलेले होते. आणि त्याच देशात शौर्यपदकाबरोबरचा भत्ता विधवेनं पुनर्विवाह केला की बंद होत असे, फक्त दिराशी केला तर चालू राहत असे. ही अट २०१७ साली गेली. तोवर सरकारच्या लेखी ती बाई सासरच्या घरची ठेव होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ‘आई म्हणजे शांतता’ हे वाक्य आपण सोडून द्यावं. १९९२-९३ च्या मुंबईत जमावात बायकाही होत्या, त्यातल्या कितीतरी आया होत्या. शांतता गर्भाशयातून येत नाही. केटेला ती अठरा वर्षं विचार करून, स्वतःचा होकार पुन्हा पुन्हा तपासून मिळवावी लागली. हे अवघड आहे, पण यात आशाही आहे. जे निसर्गानं मिळालेलं नसतं ते शिकता येतं, शिकवता येतं.

तुमच्या गावात, वस्तीत स्मारक होईल, मिरवणूक निघेल, तेव्हा त्या घरच्या बाईला घोषणा ऐकवायला जाऊ नका. तिच्याजवळ बसा. तिनं तेव्हा काय म्हटलं होतं, तिला कुणी विचारलं होतं का, आता तिला काय वाटतं, हे विचारा. पेन्शनचे कागद कुठे अडलेत तेही विचारा. आणि ती ‘मी दिला’ म्हणाली तर तिला खोडू नका. तो शब्द बदलायचा असेल तर तो तिलाच बदलू द्या. वेळ लागेल. तेवढा वेळ तिच्या सोबत राहायची तयारी आपल्या संघटनांची आहे का, यावर पुढच्या गटचर्चेत बोलू या.