जिंक्स म्हणजे नुसतं बॅड लक नव्हे

रोह्याहून बोलतोय. आजचा शब्द आहे जिंक्स.

दिवा गाडीत कोणी म्हणालं, "आज गाडी अगदी टायमात आहे हं", की शेजारचा ओरडतो, "अरे, जिंक्स नको करूस!" आणि नेमकी गाडी सिग्नलला उभी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ!

पेपरच्या दिवशी ताप आला, तर ते बॅड लक. त्यात कोणाचा हात नाही. जिंक्समध्ये मात्र कोणीतरी किंवा काहीतरी ते दुर्दैव घेऊन येतं. अमुक शर्ट, अमुक मैदान, अमुक माणूस. हा शब्द नाम म्हणून चालतो, क्रियापद म्हणूनही. 'डोन्ट जिंक्स इट' म्हणजे 'आधीच बोलून घालवू नकोस'. आजी म्हणते ना, "गप्प बस, दृष्ट लागेल", तसंच काहीसं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी हा शब्द रूढ केला. मूळ बहुतेक एका पक्ष्याच्या नावात आहे. सुतार पक्ष्याच्या कुळातला हा छोटा पक्षी घाबरला की सापासारखी मान पिळतो, म्हणून जुन्या ग्रीसमध्ये त्याला जादूटोण्यात वापरायचे. हिवाळ्यात तो आपल्याकडेही येतो. बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नसणार.

आपल्याकडे हल्ली 'पनवती' म्हणतात. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादला आपण वर्ल्ड कप फायनल हरलो, तेव्हा मोबाइलवर हाच शब्द फिरत होता. ट्रॅव्हिस हेडने 137 काढले, ते राहिलं बाजूला! असो, मॅचपुरतं "तू ऊठ, तू बसलास की विकेट पडते" हे ठीक आहे. मजा असते.

पण घरात हाच प्रकार 'पायगुण' होतो. लग्नाला महिना झाला, सासऱ्यांची नोकरी गेली, दोष कोणाला? सुनेला. नवरा वारला, तर त्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. म्हणजे तिलाच जिंक्स ठरवलं की! कंपनीत मंदी होती, नवरा आजारी होता, हे कोणी बघत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं.

तुमच्या गावाने केलाय का असा ठराव? ग्रामपंचायतीत विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा.