अणूच्या उदरातील औषध



२०१८ साली अभिनेते इरफान खान यांनी आपला आजार जाहीर केला, तेव्हा ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. जुलाब, चेहऱ्यावर अकस्मात येणारी लाली अशी किरकोळ भासणारी लक्षणे अंगावर काढली जातात आणि निदानाच्या वेळी रोग अनेकदा यकृतापर्यंत पसरलेला असतो.

या गाठींच्या पेशींवर बहुधा सोमॅटोस्टॅटिन संप्रेरकाचे ग्राहक विपुल असतात. गॅलियम-६८ च्या पेट स्कॅनमध्ये ते आढळले, तरच त्यांना चिकटणाऱ्या रेणूशी ल्युटेशियम-१७७ जोडून शिरेवाटे दिले जाते. त्याचे बीटा किरण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटर जातात. साधारणतः आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा होतात. मूत्रपिंडांच्या रक्षणार्थ अमिनो आम्लांचे सलाईन लावतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, आतड्यातील गाठींच्या २२९ रुग्णांवरील चाचणीत रोग बळावण्याचा वा मृत्यूचा धोका ७९ टक्क्यांनी घटला. रोग समूळ नाहीसा होण्याची खात्री मात्र नसते.

ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत निर्माण झालेल्या ल्युटेशियमने परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये उपचार झाले आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णाला त्यासाठी परदेशाची वाट धरावी लागत नाही. घरी परतल्यावर बालके व गर्भवती यांच्यापासून काही दिवस अंतर राखावे लागते. तो दुरावा तेवढ्या दिवसांपुरताच असावा. आप्तांनी रुग्णाला मनाने दूर लोटू नये.