समीक्षकाचे मत आणि आपले डोळे

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चित्रपटावर बोलावयाचे म्हटले की काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. शिक्षण, नोकरी, घर असे प्रश्न समाजापुढे उभे असताना सिनेमाची चर्चा कशाला, असे त्यांना वाटते. त्यांची काळजी रास्त आहे. परंतु आपल्या घरातील मुले पुस्तकापुढे जितका वेळ बसतात त्याहून अधिक वेळ पडद्यापुढे बसतात, ही गोष्ट आपण नाकारू शकत नाही. मग तो पडदा चित्रपटगृहातील असो, दूरदर्शन संचाचा असो की हातातील मोबाईलचा. जग कसे आहे आणि त्यात आपली जागा कोणती, याचे पुष्कळसे शिक्षण त्यांना तेथून मिळते. कोणता चित्रपट पाहावा आणि तो कसा समजून घ्यावा, हे मात्र त्यांना वृत्तपत्रातील परीक्षण सांगते, नाहीतर मोबाईलवर बोलणारा एखादा समीक्षक सांगतो. म्हणून आजचा विषय आम्ही निवडला आहे तो हा, की नव्या चित्रपटांवरील समीक्षकांची मते आपण कशी वाचावीत?

आम्ही काही मंडळी गेली काही वर्षे एक साधा उद्योग करीत आलो आहोत. एखादा चित्रपट लागला की त्यावरील दोन-तीन परीक्षणे जपून ठेवावयाची, मग चित्रपट पाहावयाचा आणि घरी आल्यावर तीच परीक्षणे पुन्हा वाचावयाची. या उद्योगातून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. समीक्षकाचे मत ही साक्ष असते, तो निकाल नव्हे. साक्षीदार प्रामाणिक असला तरी तो कोठे उभा होता, त्याला काय दिसले आणि काय दिसू शकले नाही, हे उलटतपासणीत विचारावेच लागते. परीक्षणाचीही अशीच उलटतपासणी करावी. त्यासाठी आम्ही चार प्रश्न आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पहिला प्रश्न असा की, समीक्षकाने कोणत्या मापाने मोजले? धान्य मोजण्याच्या मापाने कापड मोजता येत नाही. चित्रपटाचेही तसेच आहे. २०२४ च्या जूनमध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' आला. कोकणातील भुताच्या समजुतीवर बेतलेला हा भय आणि विनोद यांचा मिश्र चित्रपट. अशा चित्रपटात प्रेक्षक दचकला का आणि हसला का, हे आधी पाहावयाचे. त्यात समाजशास्त्र शोधत बसणारा समीक्षक चुकतो. परंतु तरुण मुले अंधश्रद्धा करमणूक म्हणून पचवीत आहेत की खरी मानीत आहेत, हा प्रश्न घरी आईवडिलांनी जरूर विचारावा. तो समीक्षकावर सोपवू नये.

याउलट २०२३ च्या ३० जून रोजी लागलेला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' पाहा. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा एवढीच गोष्ट. कलात्मक चित्रपटाच्या मापाने पाहिले तर त्यात उणिवा काढता येतील, आणि काहींनी त्या काढल्याही. परंतु गावोगावच्या स्त्रिया गटागटाने, ठरवून, चित्रपटगृहात गेल्या. घरातील पुरुषांची परवानगी न विचारता मैत्रिणींबरोबर दुपारचा खेळ पाहावयास जाणे ही कित्येकींच्या आयुष्यात नवी गोष्ट होती. ही घटना चित्रपटाच्या गुणदोषांत बसत नाही, तरी ती खरी आहे. गर्दी झाली म्हणजे चित्रपट थोर ठरत नाही, तसेच समीक्षकाने नाक मुरडले म्हणून गर्दी मूर्ख ठरत नाही. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला तेव्हा पहिल्या परीक्षणांत त्याचे फारसे कौतुक नव्हते. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला.

दुसरा प्रश्न, समीक्षकाने चित्रपट केव्हा आणि कोठे पाहिला? हा प्रश्न पूर्वी इतका महत्त्वाचा नव्हता, आज आहे. नीरज घायवान यांचा 'होमबाऊंड' मे २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला. पोलीस भरतीची स्वप्ने पाहणारे दोन मित्र, एक दलित आणि एक मुसलमान, आणि २०२० च्या टाळेबंदीतील त्यांची घराकडची वाट अशी त्याची कथा आहे. कानमध्ये त्याचे मोठे कौतुक झाले. आपल्याकडे तो सप्टेंबर २०२५ मध्ये लागला, तोही सेन्सॉर बोर्डाने सांगितलेले फेरबदल करून. म्हणजे मे महिन्यात परदेशी समीक्षकाने ज्यावर लिहिले तो चित्रपट आणि सप्टेंबरात आपण पाहिला तो चित्रपट तंतोतंत एक नव्हता. संध्या सूरी यांच्या 'संतोष' या चित्रपटाचे तर याहून वाईट झाले. एका दलित मुलीच्या हत्येचा तपास करणाऱ्या महिला शिपायाची ही गोष्ट २०२४ मध्ये कानला दाखविली गेली, ब्रिटनने ती ऑस्करसाठी पाठविली. परंतु सेन्सॉर बोर्डाशी एकमत न झाल्याने २०२५ मध्ये ती आपल्याकडील चित्रपटगृहांत येऊ शकली नाही. ज्या समाजाची गोष्ट, त्याने फक्त परीक्षणे वाचावीत, असा हा प्रकार झाला.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. समीक्षकाला काय दिसले आणि काय दिसले नाही? पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाईट' या चित्रपटाला मे २०२४ मध्ये कानचे ग्रां प्री हे मोठे पारितोषिक मिळाले. मुंबईत काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्यांच्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती यांची ही कथा. छाया कदम यांनी पार्वतीची भूमिका फार समजून केली आहे. परदेशी समीक्षकांनी मुंबईचा पाऊस, रात्रीचे दिवे, बायकांमधील अबोल जिव्हाळा यांवर भरभरून लिहिले. आपल्याकडे ऑस्करसाठी चित्रपट निवडणाऱ्या समितीने मात्र 'लापता लेडीज' निवडला आणि कपाडियांचा चित्रपट भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटला, असे समितीच्या वतीने सांगण्यात आले. एकाच चित्रपटाबद्दल दोन जाणकार गटांची ही दोन मते.

आता आपण गिरणगावाच्या डोळ्यांनी पाहू. पार्वतीचा नवरा गिरणी कामगार होता. तो वारला. ज्या खोलीत तिची उभी हयात गेली ती खोली आपली आहे हे दाखविणारा कागद तिच्याजवळ नाही, आणि बिल्डर दाराशी उभा आहे. शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. आपल्यापैकी कितीतरी घरांत हाच कागद शोधला गेला आहे! पत्र्याच्या पेटीत, आईच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत. ज्याने तो शोधला आहे त्याला हा चित्रपट युरोपीय वाटणार नाही. समीक्षक खोटे बोलला असे आम्ही म्हणत नाही. तो जेथे उभा होता तेथून त्याला पाऊस दिसला, आपल्याला कागद दिसला. दोन्ही साक्षी नोंदल्या गेल्या पाहिजेत. दुर्दैवाने दुसरी साक्ष क्वचितच छापली जाते.

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' ४ मार्च २०२२ रोजी लागला तेव्हाही असेच झाले. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकविणाऱ्या विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. तो लांबला आहे, असे अनेकांनी लिहिले. सुमारे तीन तासांच्या चित्रपटाबद्दल ही तक्रार अगदी चूक म्हणता येणार नाही. परंतु त्यातील आंबेडकर जयंतीचा प्रसंग ज्याला केवळ लांबण वाटला, त्याला आपल्या वस्तीत त्या एका दिवसाचे मोल काय आहे हे ठाऊक नव्हते. हिंदीतील एवढा मोठा नट बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा असलेला पाहून वस्तीतील माणसांचे डोळे का भरून आले, हे समजावून सांगणारे परीक्षण आपल्यालाच लिहावे लागेल.

येथे आम्ही आपल्याच माणसांना एक स्पष्ट गोष्ट सांगू इच्छितो. विषय आपला आहे म्हणून चित्रपट चांगला, असे मानण्याची घाई आपणही करू नये. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला यावयाचा होता. आक्षेप आले, सेन्सॉर बोर्डाने जातीविषयीचे काही शब्द बदलावयास सांगितले, आणि तो २५ एप्रिलला लागला. या प्रकाराबद्दल आपल्याला चीड आली, आणि ती योग्यच होती. नंतर काही समीक्षकांनी लिहिले की, हेतू मोठा आहे, कामे चांगली आहेत, पण मांडणी पाठ्यपुस्तकासारखी झाली आहे. हे वाचून आपल्यातील काही तरुण संतापले. त्यांना आमचे सांगणे असे की, मांडणीवरील टीका ही महात्मा फुल्यांवरील टीका नव्हे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या त्या जोडप्याची गोष्ट उत्तम तऱ्हेने सांगितली गेली पाहिजे, असा आग्रह धरणारा समीक्षक आपला वैरी नाही. उलट, 'विषय चांगला आहे ना, मग पुरे' असे म्हणून पाठ थोपटणारा आपल्याला कमी लेखीत असतो. त्याला आपल्याकडून उत्तम कलेची अपेक्षाच नसते.

हे किती खरे आहे ते 'सैराट'वरून पाहा. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या त्या चित्रपटाने प्रेमकथेच्या आत जातीचा सुरा लपवून ठेवला होता. २०१८ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती 'धडक' आली, तेव्हा जातीचा प्रश्न तीत पुसट झाला आहे हे अनेक समीक्षकांनी दाखवून दिले. नंतर १ ऑगस्ट २०२५ रोजी शाझिया इक्बाल यांचा 'धडक २' आला. मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटावरून तो केला आहे, आणि त्यात जात उघडपणे बोलली गेली. पुसट झालेली गोष्ट पुन्हा ठळक झाली यात समीक्षकांच्या टीकेचा काही वाटा असावा, असे आम्ही मानतो. चांगली टीका वाया जात नाही.

चौथा प्रश्न, या मताच्या पाठीमागे कोण आहे? आज परीक्षण म्हणजे केवळ वृत्तपत्रातील अर्धा रकाना राहिलेला नाही. पहिला खेळ सुटतो न सुटतो तोच चित्रपटगृहाच्या दारात उभे राहून मत सांगणारी मंडळी मोबाईलवर दिसू लागतात. काही प्रामाणिक असतात, काहींचे मत प्रसिद्धीच्या खर्चातून आलेले असते, आणि काही केवळ वैरापोटी बोलतात. तमिळ निर्मात्यांची एक संघटना तर, चित्रपट लागल्यापासून पहिले तीन दिवस समाजमाध्यमांवर परीक्षणे येऊ नयेत, अशी मागणी घेऊन मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अशी सरसकट बंदी घालण्यास नकार दिला. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो. तोंडे बंद करणे हा उपाय नव्हे. ऐकणाऱ्याने पारखून घेणे हा उपाय आहे. ज्या परीक्षणात फक्त तारे मोजलेले असतात आणि कारण एकही नसते, ते बाजूला ठेवावे. ज्यात कारण दिलेले असते ते मत आपल्याला पटले नाही तरी जपून ठेवावे.

बंधूंनो, या सगळ्याचा आपल्या कृतीशी काय संबंध? संबंध असा की, लहान चित्रपटाचे आयुष्य शुक्रवार ते रविवार एवढेच असते. त्या तीन दिवसांत माणसे आली नाहीत तर सोमवारी त्याचे खेळ कमी होतात. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' घ्या. विदर्भातील एका कापूस पिकविणाऱ्याची शिकणारी मुलगी आणि तिला पाहावयास येणारे एकामागून एक पाहुणे, एवढीच गोष्ट. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये त्याचा गौरव झाला. आपल्या चित्रपटगृहांत तो मार्च २०२५ मध्ये आला. समीक्षकांनी चांगले लिहिले. पण 'पुढे मोबाईलवर येईलच की' असे म्हणून आपण घरी बसलो, तर त्या चांगल्या परीक्षणांचा निर्मात्याला काय उपयोग? पुढच्या वेळी असा चित्रपट काढण्यास पैसे लावताना तो दहादा विचार करील.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, महिन्यातून एक चित्रपट निवडून तो पहिल्याच आठवड्यात दहा-पंधरा जणांनी मिळून पाहावा. दुसरी, आपल्या वाचनालयात एक जाड वही ठेवावी. चित्रपट पाहून आलेल्या प्रत्येकाने तीत दहा ओळी लिहाव्यात. काय आवडले, काय खटकले आणि का. 'का' हा शब्द विसरू नये. तिसरी, त्यांतील चांगले लेखन आपल्या मुलामुलींनी वृत्तपत्रांकडे पाठवावे. परत आले तर पुन्हा पाठवावे. आपले म्हणणे छापण्यास दुसऱ्यांच्या पत्रांत जागा मिळत नाही हे पाहूनच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला होता. तेथे प्रश्न मोठा होता, येथे एका चित्रपटाचा आहे. पण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्या शब्दांत सांगावे, ही गरज तीच आहे.

समीक्षकांची मते वाचा, त्यांच्याकडून शिका, त्यांच्याशी वाद घाला. मात्र साक्षीदारांच्या पिंजऱ्यात आपली जागा रिकामी ठेवू नका.